चौदा नंबरचा सिंह

वृद्धाश्रमाच्या फळ्यावर कारकुनानं खडूनं लिहिलं, 'पोस्टमास्तर गेले.' त्याखाली त्याच खडूनं लिहिलं, 'आज गरम पाणी नाही.' येणारेजाणारे फळा वाचत होते आणि हळहळत होते. नक्की कोणत्या ओळीवर, ते सांगणं कठीण होतं.

बातमी आली ती अशी. पोस्टमास्तर तीन आठवडे छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात होते. कारकुनानं सकाळी वॉर्डात फोन लावला, "आमचे पोस्टमास्तर कसे आहेत?" तिकडून एक घाईतला आवाज म्हणाला, "नऊ नंबरचे ना? ते सकाळीच गेले," आणि फोन आपटला. कारकून भला माणूस. गेलेल्या माणसाबद्दल उलटतपासणी करणं त्याच्या जिवावर आलं. त्यात पोस्टमास्तरांनी देहदानाचा फॉर्म कधीच भरून ठेवलेला, तोही तीन प्रतींत. मागेपुढे कुणी नव्हतं. तेव्हा पुढचं सगळं दवाखाना बघेल, आपण जायची गरज नाही, असं व्यवस्थापकांनी लगेच सांगून टाकलं. संध्याकाळी जेवणघरात सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहायचं ठरलं. चहा निवत होता म्हणून ती दीड मिनिटात आटोपली.

टाकेबाई आठवड्यातून तीन दिवस येऊन आश्रमाचं शिवणकाम करत. उसवलेल्या उशा, तुटलेली बटणं, सैल पडलेलं इलॅस्टिक. त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण वीस वर्षांत ते कुणी विचारलं नव्हतं. प्रत्येकाच्या कपड्यावर आतल्या बाजूनं नंबर शिवायचं कामही त्यांचंच. पोस्टमास्तर म्हणजे चौदा. या चौदा नंबराशी त्यांचं फारसं जमत नसे. मास्तर दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात टाकेबाईंनी कोटाचं बटण लावून दिलं, तर माणसानं चष्मा कपाळावर सरकवून दोरा तपासला.

"बाई, बाकीची तीन बटणं तपकिरी दोऱ्यानं आहेत. हे काळ्या."

"अंधारात काय दिसतंय, मास्तर?"

"मी अंधारात फिरत नाही."

बटण काढून पुन्हा लावावं लागलं होतं. म्हणून फळा वाचल्यावर टाकेबाईंच्या मनात पहिल्यांदा आलं, 'सुटले.' कोण सुटलं, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. मग दिवसभर त्यांना त्याचीच लाज वाटत राहिली.

चौथ्या दिवशी व्यवस्थापकांनी त्यांना बोलावलं. आठ दिवसांनी विश्वस्त मंडळी भेटीला येणार होती आणि त्यांच्यापुढे आश्रमातल्या मंडळींचं नाटक होणार होतं. ते हेडबाईंनी लिहिलं होतं. हेडबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, पण ही गोष्ट त्यांच्या अजून पूर्ण लक्षात आलेली नव्हती. नाटकात एक राजा, एक हत्ती, एक नरभक्षक सिंह आणि शेवटच्या अंकात सिंहाला मारणारा शिकारी.

"पोशाखांना कापड कुठलं, साहेब?"

"जुन्यापान्यातून करा. चौदा नंबरचं कपाट आहे ना."

"अहो, अजून चार दिवसही झाले नाहीत."

"चार दिवसांनी कापड बदलणारे का, बाई? उलट कसर लागेल."

टाकेबाईंनी कपाट उघडलं. आत सगळं घडीवर घडी, नाकासमोर. त्यांनी सवयीप्रमाणे खिसे तपासले. एक कंगवा आणि चौकोनी घडीचा रुमाल निघाला, तो बाजूला ठेवला. तपकिरी कोट मेजावर पसरला. "माफ करा हं, मास्तर," असं म्हणून पहिली कात्री मारली.

पहिल्या कात्रीलाच काय ते जड गेलं. कोटाचं सिंहाचं अंग झालं, बाह्यांचे पुढचे पाय झाले. मरून स्वेटर उसवून आयाळ केली. राखाडी पँटच्या एका पायाची सोंड झाली आणि दुसऱ्याचे कान. हिरव्या चादरीचा राजाचा झगा झाला आणि पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यातून शिकाऱ्याचा भाता निघाला. खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवसापासून टाकेबाईंना मजा यायला लागली. आजवर त्यांनी फक्त फाटलेलं सांधलं होतं. दुमडलं होतं, आखूड केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातून असं काही उभं राहत होतं ज्याला शेपूट होतं.

मंडळींनी सुरुवातीला जरा नाकं मुरडली. शिकाऱ्याची भूमिका आत्यांकडे होती. वय ब्याऐंशी, नेम चांगला. त्यांनी हत्तीची सोंड हुंगून पाहिली. "अगं, हिला अजून त्यांच्या पावडरीचा वास येतोय."

"धुतलंय मी दोनदा, आत्या."

"माणूस चिवट होता हो."

सिंहाचं काम पैलवानांकडे होतं. चाळीस किलोच्या माणसाला पैलवान म्हणायची कल्पना आत्यांचीच. पैलवान अंगरखा चढवून म्हणाले, "काखेत जरा धरतंय." टाकेबाईंनी काख सैल केली. दोन दिवसांत सगळे रुळले. सोंडेला सोंड म्हणू लागले, पँट म्हणायचे थांबले.

नाटकाच्या आदल्या दिवशी दुपारी पोशाखासकट तालीम चालली होती. सिंह डरकाळी फोडायच्या बेतात असताना फाटकाशी दवाखान्याची गाडी थांबली आणि तिच्यातून पोस्टमास्तर उतरले. अंगात दवाखान्याचा मागून बंद बांधायचा झगा, वरून चादर, हातात औषधांची पिशवी. पहारेकऱ्यानं एकदा पाहिलं आणि फाटक लावून घेतलं.

"डिस्चार्ज पेपर दाखवू का?" पोस्टमास्तर गजांतून म्हणाले.

हा आवाज आणि हा प्रश्न दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नव्हतं. फाटक उघडलं.

ते जेवणघराच्या दारात येऊन उभे राहिले तसा राजा खुर्चीवरून घसरला. हत्तीचा पुढचा भाग जागच्या जागी थिजला. मागच्या भागाला काहीच दिसत नसल्यानं तो चालत राहिला आणि हत्ती मधोमध दुमडला. हेडबाईंच्या हातातली वही खाली पडली, पण त्या ओरडल्या ते वेगळंच, "कोण आहे ते? तालमीत परवानगीशिवाय यायचं नाही!"

पोस्टमास्तरांचं लक्ष सिंहाकडे होतं. ते त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या पुढच्या पायावरच्या चामड्याच्या ठिगळाला बोट लावलं.

"हे माझं कोपर आहे," ते म्हणाले.

पैलवानांनी सिंहाचं मुंडकं काढलं, अंगरखा काढला, जमिनीवर ठेवला आणि बनियनवरच खोली गाठली. पुन्हा ते कातडं अंगाला लावणार नाही, असं त्यांनी दाराला आतून कडी घालून जाहीर केलं.

मग उलगडा झाला. खाटा कमी पडल्या म्हणून पोस्टमास्तरांना वरच्या मजल्यावर हलवलं होतं. नऊ नंबरवरून ते गेले, एवढंच.

"मला 'गेले' म्हणाले हो," कारकून रडकुंडीला आला.

"कुठे, असं विचारलं नाहीत?"

"गेले म्हटल्यावर कुठे, असं विचारत नाहीत, मास्तर."

पोस्टमास्तर आपल्या खोलीकडे वळले. तिथे त्यांच्या खाटेवर एक नवे गृहस्थ तोंडावर पांघरूण घेऊन झोपले होते. डिस्चार्ज पेपर दाखवूनही त्यांनी खाट सोडली नाही. जेवणाच्या यादीतून चौदा नंबर कमी झाला होता. कारकुनानं नोंदवही उलटसुलट चाळून पाहिली. "यात मयत असा रकाना आहे," तो म्हणाला, "पण त्यातून परत यायचा रकाना नाहीये."

शेवटी त्यांना शिवणाच्या खोलीत आणून बसवलं. टाकेबाईंना कुठे बघावं ते कळेना. ते स्टुलावर बसले. चादरीखाली त्यांचे पाय काड्यांसारखे दिसत होते आणि थरथरत होते.

"किती जण होते?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"माझ्या सभेला."

"सगळे होते, मास्तर."

"ते चहाला असतातच. बोललं कोण?"

"साहेब बोलले."

"काय म्हणाले?"

"शिस्तप्रिय होते, म्हणाले."

"आणि?"

टाकेबाईंना काहीतरी चांगलं रचून सांगायचं होतं. त्यांनी खूप आठवून पाहिलं, खूप बनवून पाहिलं. "आणि मग चहा आला," त्या म्हणाल्या.

पोस्टमास्तर बराच वेळ मान हलवत राहिले. पत्ता चुकलेलं टपाल परत आल्यावर हलवावी तशी. "मी सगळं उसवते," त्या म्हणाल्या, "आत्ता बसते. रात्रीपर्यंत कोट होईल तुमचा."

"कापलंय ते, बाई. उसवून तुकडे मिळतील." त्यांनी सिंहाचं कातडं मांडीवर ओढलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि शिवण डोळ्यांजवळ धरली. "दोरा सगळीकडे तपकिरी वापरलाय."

"हो."

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी ते अंगावर पांघरून घेतलं. थंडी फारच होती.

तेवढ्यात व्यवस्थापक आले. त्यांचा चेहरा पोस्टमास्तरांपेक्षा पांढरा पडला होता. अध्यक्षांनी उद्याच्या भाषणात श्रद्धांजलीचा एक परिच्छेद घातला होता आणि ते भाषण छापून झालं होतं. "मास्तर, उद्या दुपारपुरतं तुम्ही जरा दिसू नका. खोलीतच पडून राहा."

"कुठल्या खोलीत?"

मागोमाग हेडबाई आल्या. पैलवान दार उघडत नव्हते. उद्याला सिंह नव्हता. त्यांनी स्टुलावर कातडं पांघरून बसलेल्या माणसाकडे पाहिलं, वरून खाली, खालून वर, नव्या विद्यार्थ्याकडे पाहावं तसं.

"डरकाळी येते का?"

"खोकला येतो."

"चालेल."

असा प्रश्न सुटला. पोस्टमास्तरांना अंगभर कपडा मिळाला, व्यवस्थापकांना त्यांना झाकायला मुंडकं मिळालं आणि नाटकाला सिंह मिळाला. टाकेबाईंनी आतून अस्तराला जुनं ब्लँकेट लावून दिलं. काख पुन्हा घट्ट केली. मापाला तो सिंह त्यांना तंतोतंत बसला.

दुसऱ्या दिवशी विश्वस्त आले. अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि 'आपल्यातून नुकतंच निघून गेलेलं एक शिस्तप्रिय व्यक्तिमत्त्व' या ओळीशी त्यांचा गळा दाटला. त्यांनी पोस्टमास्तरांना कधी पाहिलं नव्हतं. सगळे स्तब्ध उभे राहिले. दीड मिनिट झालं, मंडळी सवयीनं खाली बसू लागली, तोच पडद्याआडून एक डरकाळी आली. सगळे पुन्हा ताठ झाले. दोन मिनिटं पूर्ण झाल्यावरच आतून हलकासा खोकला ऐकू आला आणि लोक बसले. व्यवस्थापकांनी कपाळ पुसलं.

नाटक रंगलं. हत्ती या वेळी दुमडला नाही. सिंहाला पाहून समोरच्या रांगेतल्या एका विश्वस्त बाईंनी पदर तोंडाशी नेला, तेव्हा पडद्याशी उभ्या टाकेबाईंना आपल्या कामाचा अभिमान वाटला आणि लगेच वाईटही वाटलं. शेवटचा अंक आला. आत्यांनी नेम धरला. झाडूच्या काडीचा बाण सुटला आणि बरोबर सिंहाच्या छातीवर लागला.

सिंह पडला नाही.

"पडा ना," आत्या कुजबुजल्या.

"नाही."

"अहो मास्तर, बाण लागलाय. मरायचंय तुम्हाला."

"एका महिन्यात दोनदा मला जमायचं नाही."

हेडबाई पडद्याआडून छडीसारखं बोट नाचवत होत्या. आत्यांनी दुसरा बाण मारला, तिसरा मारला. भाता संपला. सिंह छातीला हात लावून तसाच उभा. त्याचे पाय आता चांगलेच लटपटत होते, पण तो पडायला तयार नव्हता. अखेर त्यानं मुंडकं काढून काखेत धरलं. घामानं केस कपाळाला चिकटलेले.

"चार ओळी बोलतो," पोस्टमास्तर लोकांना म्हणाले. त्यांचा श्वास पुरेना. दोन ओळींतच ते थांबले. "मी अजून इथेच राहतो. माझी खाट मला परत हवी."

अध्यक्षांनी व्यवस्थापकांकडे झुकून विचारलं, "हे कोण?"

व्यवस्थापकांच्या तोंडून खरं तेच निघालं. "हे कैलासवासी पोस्टमास्तर, साहेब."

अध्यक्षांनी क्षणभर विचार केला आणि ते उभे राहून टाळ्या वाजवू लागले. सगळा हॉल वाजवू लागला. निघताना त्यांनी हेडबाईंना मुद्दाम सांगितलं, "शेवट फार आशादायक केलात." हेडबाईंनी ते नम्रपणे स्वीकारलं.

खाट मिळाली. नव्या गृहस्थांना खिडकीजवळची दिली. रकाना मात्र निघाला नाही, त्यामुळे कारकुनानं पोस्टमास्तरांना नव्यानं दाखल करून घेतलं. नव्या माणसाला कपड्यांसाठी अर्ज करता येतो. तो त्यांनी तीन प्रतींत केला.

पुढच्या खेपेला टाकेबाई आल्या तर शिवणाच्या खोलीबाहेर रांग. काठ्या टेकत, भिंतीला धरत आश्रमातले निम्मे लोक उभे, प्रत्येकाच्या हातात काही ना काही. सगळ्यात पुढे आत्या, निळी शाल छातीशी धरून.

"हिचं पुढे काय करणार, ते आत्ताच ठरव बाई. पायपुसणं करशील तर याद राख. आयुष्यभर सगळ्यांचे पाय पुसले मी."

"आत्या, असं काय बोलता."

"मोर कर. लिहून ठेव."

टाकेबाईंनी वहीत लिहिलं, निळी शाल, मोर. मग पैलवानांनी लोकरीची टोपी पुढे केली. सिंह सोडून काहीही चालेल, म्हणाले. राजाचं काम करणाऱ्यांना आपल्या सदऱ्याचं शिड व्हायला हवं होतं. हेडबाईंनी तीन साड्या आणल्या होत्या आणि तिन्हींच्या सूचना कागदावर मुद्देसूद लिहून आणल्या होत्या. जो तो घाई करू लागला, ढकलाढकली सुरू झाली. आवाज चढले.

तेव्हा पोस्टमास्तर आपली खुर्ची ओढत दाराशी आले. अजून अर्ज मंजूर व्हायचा होता, त्यामुळे अंगात सिंहच होता, आयाळ तेवढी काढलेली. त्यांनी खुर्ची उंबऱ्यात मांडली, चष्मा कपाळावर सरकवला आणि तीस वर्षं खिडकीमागून दिली तशी खणखणीत हाक दिली.

"गडबड नको. सगळ्यांचं होणारे. चला, आता पुढचा नंबर कोणाचा?"

सगळे खाली फरशीकडे बघायला लागले. कुणीच पुढे येईना.