कडीला संदर्भ हवा

काकांनी कडीवर लेख लिहिला. दाराच्या कडीवर! हसू नका, माणसाचं अख्खं आयुष्य कड्या-बिजागऱ्यांच्या दुकानात गेलं होतं. काकू गेल्यावर बोलायला कोणी उरलं नाही, तेव्हा ते इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशात हौसेनं, फुकट लेख लिहू लागले. तिथले बाकीचे स्वयंसेवक निदान 'संदर्भ द्या, नाहीतर वाक्य काढून टाकू' एवढं तरी बोलायचे. काकांना तेवढ्याचाही आधार वाटायचा.

पण लेख वाचणार कोण? काकांनी बिल्डिंगच्या ग्रुपवर लिंक टाकली. चार अंगठे आले. लेख किती जणांनी उघडला याचा आकडा मात्र जागचा हलला नाही. शेवटी त्यांनी पुतणीला फोन लावला.

"काका, अशी लिंक कोण उघडतं? वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागला पाहिजे! अर्धंच सांगायचं आणि खाली लिंक."

"म्हणजे थापा मारायच्या?"

"थापा नाही हो, उत्सुकता! बरं, ठेवते, मीटिंग आहे."

काकांनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि टाकलं: 'दार आतून बंद. आत एकटा म्हातारा. कडी काही केल्या निघेना... पुढे काय झालं?' खाली लिंक. मग ते त्या आकड्याकडे डोळे लावून बसले.

लिंक कोणी उघडली नाहीच, पण बिल्डिंग हादरली. काकांना फोन करायचं कुणाला सुचलंच नाही.

थोड्याच वेळात दार वाजलं. काका ढिम्म. काकू गेल्यापासून त्यांचं दार कोणी वाजवलंच नव्हतं. वाजलं की ते समोरच्या शिवणवाल्या बाईंचं, हे ठरलेलं. पुन्हा जोरात वाजलं. "बाईंना ऐकू येत नाही की काय?" काका पुटपुटले.

बाहेर त्याच बाई ओरडत होत्या, "अहो, आत काहीच हालचाल नाही! लावा जोर!"

सेक्रेटरींनी खांदा लावला. दार हादरलं तेव्हा कुठे काका धावले आणि त्यांनी कडीला हात घातला. पण धक्क्यांनी ती वाकून अडकली होती.

"ढकलू नका! कडी निघत नाहीये!"

"ऐकलंत? निघत नाहीये म्हणतायत! लावा अजून जोर!"

कडी, कोयंडा, चौकटीचा तुकडा आणि सेक्रेटरी, सगळे एकदमच घरात आले.

"काका, बरे आहात ना?"

"मी ठणठणीत आहे. लेख वाचलात का?"

"कसला लेख?"

काकांनी सगळं सांगितलं. सेक्रेटरी खांदा चोळत उसळले, "अहो, इथे आमचा जीव टांगणीला लागला होता!"

"लागला? खरंच?" काकांचा चेहरा उजळला.

बाई हसून हसून खुर्चीत बसल्या. आता बसल्याच आहेत तर चहा ठेवला. कप पुरेनात. काकूंनी पाहुण्यांसाठी वर ठेवलेले कप काका किती दिवसांनी खाली काढत होते. धूळ बसलेला एकेक कप त्यांनी दोन-दोनदा धुतला. तोवर मोडकं दार बघून जिन्यातून जाणारे-येणारेही आत शिरत होते.

"सुताराला आजच पाठवतो," सेक्रेटरी म्हणाले.

"नको हो, घाई काय आहे? पुढच्या आठवड्यात बघू."

"आणि चोर आला म्हणजे?"

"येऊ दे. चहा घेऊन जाईल."

सगळे हसत असताना काकांनी फोन काढला आणि लेखात एक वाक्य घातलं: 'कडीचा मोठा तोटा म्हणजे ती लावली की माणसं येत नाहीत.' कुणा स्वयंसेवकानं ते लगेच उडवलं. 'संदर्भ द्या.'

काकांनी मान वर केली. खुर्च्या संपल्या होत्या, म्हणून संदर्भ पलंगावर दाटीवाटीनं बसला होता.

"काका, साखर कुठंय?" बाईंनी आतून विचारलं.

"आलो, आलो!" म्हणत काकांनी फोन पालथा घातला.