गुंडेरावांनी लावलेली तार

गुंडेराव कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावत. दाराची कडी असो, पाण्याची बादली असो, नाहीतर शेजारच्या तान्ह्या मुलाचा गाल असो. आधी बोटांची पाठ टेकवायची, क्षणभर थांबायचं, मग सरळ हात. "करंट असला तर सरळ हात आवळून बसतो," ते सांगत. "उलटा हात झटकला जातो. माणूस वाचतो." माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या खांद्यालाही अशीच बोटं टेकवली. व्याही मंडळींचा उगाच गैरसमज झाला.

बिजलीच्या खात्यात त्यांची वीस वर्षं झाली होती. मी त्याच खात्यात कारकून, आणि चिक्कडपल्लीत त्यांचा शेजारी. दिवसभर ऑफिसात आणि उरलेला वेळ भिंतीपलीकडून गुंडेराव ऐकणं माझ्या नशिबी होतं. "आधी मेन बंद!" हे त्यांचं ब्रीद. गल्लीत नवरा-बायकोचं जुंपलं की ते ओसरीवरून ओरडत, "अहो, आधी मेन बंद करा, मग काय ते दुरुस्त करा!" नवल म्हणजे भांडण थांबायचंही.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामी राज्य गेलं आणि शहरात बरंच काही बदललं. खात्याची शुक्रवारची सुट्टी रविवारी गेली, उर्दू फायलींवर इंग्रजी पानं चढली आणि सरहद्दीपलीकडे निघून गेलेल्यांच्या पुष्कळ घरांना कुलपं लागली. घर रिकामं झालं की आत पहिला शिरायचा तो तांबेचोर. भांडीकुंडी मालक घेऊन जातो, भिंतीतल्या तारा थोड्याच नेतो? चोर त्या मेन बोर्डापासून माडीपर्यंत उपसून नेत. खात्यानं अशा घरांची यादी करून खांबावरूनच त्यांची वीज तोडायचं काम गुंडेरावांना दिलं. ते संध्याकाळी मयताला जाऊन आल्यासारखे परतायचे.

"चिनी मातीचे फ्यूज फोडले हो," एकदा मला म्हणाले. "तांबं पाहिजे तर न्या. फ्यूजनं काय केलं होतं?"

आणि एका रविवारी सकाळी माझ्या दारात शिपाई आला. जामबागेतल्या एका बंद घरात गुंडेराव पकडले गेले होते. हातात पक्कड, खिशात पेचकस, खांद्यावर तांब्याच्या तारेचं भेंडोळं.

मी आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, ठाण्यात गेलो. गुंडेराव बाकावर शाळेत उशिरा आल्यासारखे बसले होते. ठाणेदार बाहेरून बदलून आलेले, नवे.

"तार निकाल रहे थे?"

"नै साब. लगा रहा था."

ठाणेदारांना हसू आवरेना. पण जामबागेत पाठवलेला जमादार परत आला तो चक्रावूनच. तळमजल्यावर आणि माडीवरच्या दोन खोल्यांत नव्यानं तार बसवलेली होती, ओळंबा लावल्यासारखी सरळ. तिसरीत अर्धी झाली होती.

आता ठाणेदार गंभीर झाले. तार आणली कुठून? खात्याच्या गोदामातून आणली असेल, तर ती चोरीच. त्या दिवसांत बाजारात तांबं मिळत नव्हतं आणि नोकरी जायला याहून कमी कारण पुरत होतं.

"आमच्या घरातली काढलीय," काकू म्हणाल्या. "तीन आठवडे मी कंदिलाच्या उजेडात भाकऱ्या थापतेय."

कंदील मी रोज पाहत होतो. बिजलीवाल्यांच्या घरी असंच असतं, असा माझा समज होता.

मग गुंडेराव बोलले. ते घर करीमसाहेबांचं, म्हणजे आमच्या खात्यातल्या जुन्या फोरमनचं. अठराव्या वर्षी गुंडेरावांच्या हाती पक्कड दिली ती त्यांनी. मुलगा त्यांना कराचीला घेऊन गेला, तेव्हा मागच्या दाराची किल्ली ते गुंडेरावांकडे ठेवून गेले.

"मी दर महिन्याला त्यांना पत्र टाकतो," ते आम्हाला मराठीतच म्हणाले; ठाणेदारांना मी सांगत होतो. "घर जसंच्या तसं आहे, असं लिहितो. मागल्या पत्रातही लिहिलं. टपालात टाकून सहज तिकडे गेलो, तर एकही तार जागेवर नाही. पत्र तर निघून गेलं होतं. आता म्हाताऱ्याशी खोटं बोलायचं का मी?"

ठाणेदारांनी टेबलावरचं भेंडोळं एकदा फिरवून पाहिलं. मग त्यांनी किल्ली ठेवून घेतली, पुन्हा त्या घरात पाऊल टाकायचं नाही अशी ताकीद दिली आणि गुंडेरावांना सोडलं. दारातून गुंडेराव मागे वळले. "साब, तीसरे कमरे में काम आधा है. किसी को हाथ नक्को लगाने देना."

पुढे ते घर सरकारनं बाहेरगावच्या एका अधिकाऱ्याला राहायला दिलं. वीज जोडायला खात्यानं गुंडेरावांनाच पाठवलं. तिसरी खोली त्यांनी खात्याच्या तारेनं, खात्याच्या हुकुमानं पुरी केली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. कोरा कागद मागून घेतला, उर्दूत चार ओळी लिहिल्या आणि कागद माझ्यापुढे सरकवला. हिज्जे तपासायला म्हणून. घरात कोण राहायला आलं, ते त्यात कुठेच नव्हतं. एवढंच होतं : उस्ताद, काल संध्याकाळी आपल्या घरात माडीपर्यंत सगळे दिवे लागले होते. मी रस्त्यावर उभं राहून पाहिले.

"बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो.