दहा कॅसेटी आणि एक निळा क्रेट

आरोही पुढच्या वर्षी दहावीत जाणार, म्हणून तिला टेबल हवं होतं. टेबलाला भिंत हवी होती, आणि भिंतीशी आजीचं कॅसेटींचं कपाट उभं होतं. टेबलाशिवाय हल्ली दहावी होत नाही. सुलाबाई स्वतः पिठाच्या डब्यावर वही ठेवून मॅट्रिक झाल्या होत्या. पण हे त्या बोलून दाखवत नसत. बोललं की सून तेजल अगदी गोड आवाजात "हो आई" म्हणायची, आणि त्या "हो आई"पुढे कुणाचंच काही चालत नसे.

कपाटात दीडशे कॅसेटी होत्या. सगळ्या रॉकच्या. सुलाबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या तेव्हा मनीषा नावाच्या मैत्रिणीच्या भावाकडच्या रेकॉर्डींवरून एकेक अल्बम त्यांनी उतरवून घेतला होता. इंग्रजी नावं लक्षात राहत नसत, म्हणून त्यांनी बॉलपेनने स्वतःचीच नावं घातली होती: 'दोन गिटारींचं भांडण', 'रडका', 'ढोलवाला वेडा झाला', 'हा गडी लवकर मेला'. टेपरेकॉर्डर बंद पडून पंधरा वर्षं झाली होती. तरी सुलाबाईंच्या मते त्या कॅसेटी रोजच्या ऐकण्यात होत्या. फक्त आवाज येत नव्हता.

रविवारी घरात बैठक होऊन ठरलं, की दहा ठेवायच्या आणि बाकीच्या निफाडला जातील. निफाडला तेजलच्या वडिलांची, लहानूभाऊंची, दीड एकर द्राक्षबाग होती. कॅसेटमधली फीत ओढून वेलींवरून ताणली की वाऱ्यावर चमकते, घोंघावते आणि पाखरं बिचकतात. लहानूभाऊ तेवढ्यासाठी दोन वर्षं कॅसेटी मागत होते.

"दहाच?" सुलाबाई म्हणाल्या.

"आजी, फोनवर सगळेच अल्बम आहेत की," आरोही म्हणाली.

"ते फोनवरचे. माझ्या 'रडका'मध्ये सातव्या मिनिटाला मनीषाच्या घरच्या कुकरची शिट्टी आहे. ती दाखव फोनवर."

आरोहीने शोधलं नाही. पोरगी शहाणी होती.

सुलाबाईंनी निवडीला तीन आठवडे घेतले. देशाची घटना लिहायलासुद्धा माणसं समिती नेमतात. इथे समितीही त्या, अध्यक्षही त्या आणि विरोधी पक्षही त्याच. एका कलाकाराची एकच कॅसेट घ्यायची, असा नियम त्यांनी सोमवारी केला आणि मंगळवारी मोडला. नुसतं आवडणं वेगळं आणि मास्टरपीस वेगळा, हे त्या नवऱ्याला, सहादूंना, रोज चहाच्या वेळी समजावत. सहादू सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर मशीनचा आवाज ऐकल्यामुळे त्यांना या संगीताबद्दल वेगळं काही वाटत नसे.

"हा बघा, 'दोन गिटारींचं भांडण'. पहिला नंबर. याच्या शेवटी जी गिटार वाजते ना, तिथे माणूस बोलत नाही."

"मी कुठे बोलतोय?" सहादू म्हणाले.

अखेर दहा ठरल्या. सुलाबाईंनी त्या पुसल्या, मऊ साडीच्या तुकड्यात गुंडाळल्या आणि घरातल्या सगळ्यात भक्कम वस्तूत, म्हणजे लहानूभाऊंनी द्राक्षं भरून पाठवलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवल्या. उरलेल्या एकशे चाळीस दोन पुठ्ठ्याच्या खोक्यांत कोंबल्या. मग समाधानाने त्या पंचवटीत भाजी आणायला गेल्या.

तेवढ्यात लहानूभाऊ पिकअप घेऊन दारात आले. बाजार समितीत काम होतं, जाता जाता क्रेट घेऊन जाऊ म्हणाले. निफाडच्या क्रेटवर शेतकऱ्याचं नाव रंगवलेलं असतं आणि तो परत करायचाच असतो, हे सहादूंना ठाऊक होतं. व्याह्यांचं भांडं असो की क्रेट, तो रिकामा परत करायचा नसतो, हेही ठाऊक होतं. क्रेट भरलेला होता. आत कॅसेटी होत्या. कॅसेटी निफाडला द्यायच्याच होत्या. सहादूंनी आयुष्यात इतका अचूक विचार क्वचितच केला असेल. साडीचा तुकडा वरून नीट खोचून त्यांनी क्रेट स्वतः उचलून गाडीत ठेवला.

"ती खोकी?" लहानूभाऊंनी विचारलं.

"ती हिची असतील. खास ठेवलीत कोपऱ्यात."

सुलाबाई परत आल्या तेव्हा सहादू मोठ्या समाधानाने पेपर वाचत होते.

"क्रेट कुठाय?"

"दिला. रिकामा नाही दिला हां."

पुढचा अर्धा तास काय झालं, ते शेजारच्या कुसाबाईंना भिंतीतून नीट ऐकू आलं. नंतर त्यांनी ते कॉलनीला सांगितलं, त्यामुळे इथे पुन्हा सांगायची गरज नाही.

लहानूभाऊंनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन उचलला नाही.

"तेजल, चल गाडी काढ. माझ्या कॅसेटी परत आणायच्यात."

तेजलने ओढणी सारखी केली. "आई, माझ्या माहेरी दिलेली वस्तू परत मागायची? तीही क्रेटमधून? आमची आजी म्हणेल, पोरीच्या सासरच्यांनी द्राक्षं खाल्ली आणि क्रेटमधलं काढून नेलं."

"मागायचं कुठे म्हणतेय मी? बदलून घ्यायचं. दहाच्या बदल्यात एकशे चाळीस देतो. यात कोणाच्या आजीचा तोटा आहे?"

"हो आई," तेजल म्हणाली. पण या वेळी गाडीची किल्ली घेत म्हणाली.

डिकीत दोन्ही खोकी ठेवून तिघं निघाले. सुलाबाई पुढे, सहादू मागे. बोलायचा अधिकार सहादूंना चांदोरीपर्यंत नव्हता. चांदोरीच्या पुढे त्यांनी "जरा काच खाली करू का?" असं विचारून पाहिलं. काच वरच राहिली.

बागेच्या बांधावर गाडी थांबली आणि तेजल किल्ली काढेपर्यंत सुलाबाई खाली उतरल्याही. पहिल्या चार ओळींवर तपकिरी फिती उन्हात लखलखत होत्या. एका वेलीच्या बुडाशी रिकामी टरफलं पडली होती. त्यांनी वाकून पाहिलं. 'रडका'. शेजारी 'ढोलवाला वेडा झाला'. तिकडे 'हा गडी लवकर मेला'. तो आता दुसऱ्यांदा मेला होता. चौथं टरफल त्यांनी उलटून पाहिलंच नाही.

"या या, इनबाई!" लहानूभाऊ मांडवाखालून वाकत आले. "लय झ्याक माल दिला! फीत अजून कडक हाय."

"भाऊ," सुलाबाईंनी आवाज शक्य तितका सासरचा ठेवला, "बाकीच्या सहा?"

"त्या नाय तोडल्या."

सुलाबाईंनी पदराने कपाळ पुसलं.

"त्याचं असंय," लहानूभाऊ समजावू लागले, "कॅसेट बघितल्याबिगर तोडायची नाय, असा आपला नियम. एखाद्यात बुद्धवंदना असली, बाबासाहेबांचं गाणं असलं, तर ते काय पाखरांपुढं टांगायचं? म्हणून ट्रॅक्टरच्या टेपवर एक एक लावून बघितली. ह्या चारमधी नुसती आरडाओरड. एक शब्द कळंना. दिल्या तोडून. पण त्या सहांमधी..." त्यांनी सहादूंकडे बघून हात जोडले. "इवाई, तुम्ही बोललाच नाय कधी!"

"काय?" सहादू म्हणाले.

"अवो काय भाषण! काय धार!"

सुलाबाई हळूच मागे वळल्या. सहादू वेलीचं पान अत्यंत लक्षपूर्वक बघत होते.

"अहो."

"ती... युनियनची निवडणूक नव्हती का? दोन हजार नऊची, टेप बंद पडायच्या जरा आधी? सराव करायचो. तू ड्युटीला जायचीस. कोरी कॅसेट सापडेना, मग समोर ज्या होत्या त्या..."

समोर ज्या होत्या त्या. सुलाबाईंनी आवडत्या कॅसेटी हाताशी असाव्यात म्हणून समोर ठेवलेल्या. तीस वर्षांच्या त्यांच्या पारखीशी या जगात एकच माणूस तंतोतंत सहमत होता, आणि त्याने सहमतीने सहा मास्टरपीस पुसले होते. ज्या चार वाचल्या होत्या, त्या गाणं असल्यामुळे तुटल्या. ज्या सहांत गाणं उरलं नव्हतं, त्या अखंड होत्या.

"आणि मतं किती पडली होती?" त्यांनी विचारलं.

"सात," सहादू पानाला म्हणाले.

"सात?" लहानूभाऊ खवळले. "ह्या माणसाला सात? तुम्ही ऐकाच. फीत बांधून पाखरं दोन दिवस भितात, मग तिच्यावरच झोके घेतात. पण ह्यो आवाज लावला की एक पाखरू थांबत नाय! सकाळधरनं बाग मोकळी हाय बघा."

त्यांनी ट्रॅक्टरवरचं बटण दाबलं. मांडवाच्या खांबाला बांधलेल्या भोंग्यातून पंधरा वर्षांपूर्वीचे सहादू गरजले, "कामगार बांधवांनो! कँटीनचा चहा पातळ आणि व्यवस्थापनाची आश्वासनं घट्ट! हे आम्ही कुठवर गिळायचं?" बांधावरच्या बाभळीतून बुलबुल उठले. साळुंक्यांचा थवा शेजाऱ्याच्या बागेकडे पसार झाला. सहादूंची मान इंचाइंचाने वर आली. तेजलने तोंडाला ओढणी लावली. ती हसतेय की खोकतेय, हे सासूला कळू नये एवढ्यापुरतीच.

भाषण बराच वेळ चाललं. चहावरून ते बुटांवर गेलं, बुटांवरून ओव्हरटाइमवर. "जय भीम, जय महाराष्ट्र, धन्यवाद!" झालं, खट्ट असा आवाज आला आणि सहादूंची कॅसेटवरची सत्ता संपली. पुढची फीत त्यांना पुरून उरली होती.

गिटार वाजली. मग दुसरी. दोघी एकमेकींच्या अंगावर धावून गेल्या.

सुलाबाई जागच्या हलल्या नाहीत. पहिला नंबर. त्याची शेवटची तीन मिनिटं.

"हे बघा, इथनं पुढं खराबी हाय," लहानूभाऊ घाईने ट्रॅक्टरकडे निघाले. "ह्याला पाखरं भीत नाय. उलटी येत्यात."

खरंच येत होती. आधी एक साळुंकी तारेवर उतरली, मग चार. बाभळीतले बुलबुल परतले आणि पिकलेल्या घडांवर जाऊन बसले.

"इनबाई, सरका, बंद करू द्या!"

सुलाबाई त्यांच्या आधीच बटणासमोर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी एक हात वर केला. एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल चालू असताना कोणी मध्ये बोललं की करायच्या, तसाच.

"तीन मिनिटं, भाऊ. तुमच्या लेकीच्या सासूने आजवर काही मागितलंय का?"

लहानूभाऊ थांबले. व्याही, विहीण आणि द्राक्षं यांत कोणाला वाचवायचं, ते त्यांना ठरवता येईना. भोंगा वाजत राहिला. सहादू काहीतरी बोलणार होते, पण समोर पाहून त्यांनी तोंड मिटलं. त्यांच्या भाषणाला उठून गेलेले श्रोते एकेक करून परत येत होते आणि पहिल्या ओळीपासून जागा धरून बसत होते.