जोडवाहन, तीनचाकी, रिकामे

चष्मेवाल्याने आपल्या सायकलला मागे अर्धी सायकल जोडली, त्यात त्याचा कोणताही समाजविघातक हेतू नव्हता, हे सुरुवातीलाच नमूद करणे आवश्यक आहे. त्याची बायको शहर बस चालवायची आणि उजाडायच्या आत घर सोडायची. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलीला नऊ वाजता बालवर्गात पोचवण्याची जबाबदारी त्याच्याकडे होती. मुलीला घरात आणि इमारतीच्या तिन्ही मजल्यांवर भोंगा म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते माहीत नाही, पण का ठेवलं हे विचारावं लागत नसे.

अर्धी सायकल म्हणजे एक चाक, एक सीट, दोन पायडल आणि धरायला एक हँडल. पुढे चाकाच्या जागी लांब दांडा, तो बापाच्या सीटखाली घट्ट आवळायचा. हँडल फिरत नसे, पण पायडल खरे होते. शाळेच्या अलीकडे एक चढ होता. तिथे भोंगाने मनावर घेऊन पाय मारले की चष्मेवाल्याला कुणीतरी मागून हळूच ढकलल्यासारखं वाटे. दिवसभरात त्याला मिळणारी मदत ती एवढीच. पुढचे दहा तास गिऱ्हाइकांना "हे स्पष्ट दिसतंय, की हे?" असं विचारण्यात जायचे.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका मंगळवारी चौकात वाहनगणना सुरू झाली.

"थांबा," हातातला तक्ता सावरत गणक म्हणाला. "हे काय आहे?"

"सायकल."

"चाकं मोजा."

चष्मेवाल्याने मोजली. तीन भरली.

"दुचाकीला तीन चाकं नसतात," गणक म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दुःख होतं. "आणि तीनचाकीला सायकलसाठी आखलेल्या पट्ट्यातून जाता येत नाही."

"मग 'इतर'मध्ये टाका ना."

"'इतर'मध्ये टाकलं की लेखी खुलासा द्यावा लागतो. गेल्या गणनेत एक पियानो ढकलत नेत होते, तो मी 'इतर'मध्ये टाकला. त्याचे खुलासे मी अजून देतोय."

त्याने एक चिठ्ठी फाडून दिली. परिवहन कार्यालयातून वाहनाचं वर्गीकरण करून आणल्याशिवाय ते रस्त्यावर आणू नये, असं तीत लिहिलं होतं. त्या दिवशी बापलेक शाळेपर्यंत चालत गेली. भोंगाने वाटेतल्या प्रत्येक माणसाला कारण सांगितलं.

परिवहन कार्यालयातल्या वर्गीकरण अधिकारी बाई अत्यंत सज्जन होत्या. त्या नियमपुस्तक हाताच्या पूर्ण लांबीवर धरून वाचत होत्या, आणि हात आखूड पडला की पुस्तक टेबलावर उभं करून खुर्ची मागे सरकवत होत्या.

"मॅडम, तुमचा नंबर बदललाय," चष्मेवाल्याला राहवलं नाही. "दुकानात आलात तर तपासून देतो."

"हे प्रलोभन समजायचं का?"

"नाही, नाही!"

"मग मुद्द्यावर या. मागे बसणारी व्यक्ती चालक आहे की प्रवासी?"

"मीच चालवते," भोंगाने सांगितलं. दोन खिडक्यांपलीकडचा शिक्का मारणारा दचकला आणि शिक्का त्याच्या अंगठ्यावर उमटला. "बाबा नुसते पुढे बसतात."

बाईंनी ते लिहून घेतलं.

"अहो, ती पाच वर्षांची आहे!"

"म्हणजे अल्पवयीन चालक. हे गंभीर आहे."

"मग प्रवासी लिहा."

"प्रवासी पाय हलवतो का? ही पायडल मारते. म्हणजे वाहनावर काम करते. म्हणजे कर्मचारी. आणि या वयाच्या मुलीला तुम्ही रोज सकाळी कामाला जुंपता, असं मी लिहू का?"

चष्मेवाल्याने घाईघाईने नकारार्थी मान हलवली. बाईंनी खुर्ची आणखी मागे सरकवली. आता त्या जवळजवळ शेजारच्या विभागात गेल्या होत्या.

"चालक नाही, प्रवासी नाही, कर्मचारी नाही," त्या तिथून ओरडून म्हणाल्या. "मग उरतो तो माल."

"माझी मुलगी माल?"

"कागदावर. घरी तुम्ही काहीही म्हणा."

आता सगळं सोपं झालं. मागे माल असलेलं, दांड्याने जोडलेलं वाहन म्हणजे मालवाहू जोडवाहन. जोडवाहनांचा एकच वर्ग होता, जड. आणि जड वाहन चालवायला जड वाहनाचा परवाना लागतो.

"तो माझ्याकडे आहे," संध्याकाळी बायको म्हणाली. गणवेशाची टोपी काढून तिने सगळे कागद दोनदा वाचले. बस चालवणाऱ्या माणसाला असल्या कागदांचं हसू येत नाही. "आख्ख्या घरात फक्त माझ्याकडेच आहे."

"मग तू ने तिला."

"मला सायकल येत नाही."

"अगं, तू बारा मीटरची बस वळवतेस!"

"तिला तोल सांभाळावा लागत नाही, ती आपली आपण उभी राहते."

शेवटी चष्मेवाल्याने जड वाहनाचा शिकाऊ परवाना काढला. शिकाऊ चालकासोबत परवानाधारक असावा लागतो, म्हणून बायकोने आठवडाभराची रजा टाकली. पहिल्या दिवशी रस्त्यावरून मालवाहू जोडवाहन निघालं. पुढे नवरा, गळ्यात शिकाऊ चालकाची लाल अक्षराची पाटी. मागे माल, दोन वेण्या घातलेला, येणाऱ्याजाणाऱ्याला हात करणारा. आणि बाजूने धावणारी बायको. ती कामगिरी चोख बजावत होती. धापा टाकत "आरसा बघ! डावीकडे इशारा दे!" अशा सूचनाही देत होती. सायकलला आरसा नव्हता, पण शिस्त ती शिस्त.

चौकात त्यांना वाहतूक पोलिसाने अडवलं. जड वाहनांना सकाळी आठ ते अकरा शहरात बंदी होती.

"शाळा नऊला भरते हो," चष्मेवाला काकुळतीला आला.

पोलीसही मुलांचा बाप होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बंदी भरलेल्या वाहनांना आहे. रिकामं असेल तर सोडता येतं. वजनकाट्यावरून तसा दाखला आणा."

वजनकाटा शहराबाहेर होता. वाळूच्या आणि लोखंडाच्या ट्रकांमागे तासभर थांबल्यावर त्यांचा नंबर लागला. काट्यावरच्या माणसाने भोंगाला अर्ध्या सायकलीसकट फळीवर उभं केलं. काटा टनांत मोजायचा. अर्धी सायकल, मुलगी आणि पाण्याची बाटली मिळून जे काही होत होतं, ते त्याच्या हिशेबी नव्हतंच. यंत्राने शून्य दाखवलं.

"मी आहे इथे!" भोंगा ओरडली. काट्यावरच्या माणसाने कानात बोट घातलं, पण यंत्राचा आकडा हलला नाही. त्याने दाखला दिला. 'जोडवाहन, तीनचाकी, रिकामे.'

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला दाखला खिशात घालून विजयी वीरासारखा चौकातून गेला. पोलिसाने सलामसुद्धा ठोकला. चढावर भोंगाने असे काही पाय मारले की त्याला खरोखर वाटलं, आता सगळं मार्गी लागलं.

शाळेच्या फाटकात मुख्याध्यापिका उभ्या होत्या. आत येणाऱ्या प्रत्येक वाहनाची कागदपत्रं तपासायची, असं परिपत्रक त्यांना नुकतंच आलं होतं.

"विद्यार्थिनी कुठे आहे?" दाखला वाचून त्यांनी विचारलं.

"ही काय."

"इथे तर रिकामे लिहिलंय."

"बाई, मी आलेय!" भोंगाने जाहीर केलं. वर्गातली मुलं खिडकीशी धावली.

मुख्याध्यापिकांचा चेहरा क्षणभर हळवा झाला. भोंगा त्यांची लाडकी होती. "आवाज ओळखीचा आहे," त्या म्हणाल्या, "पण मी ती आली असं लिहिलं, तर तुमचा दाखला खोटा ठरतो. खोट्या दाखल्यावर जड वाहन शहरात आणलंत म्हणून तुमच्यावर कारवाई होईल. तुमच्या भल्यासाठीच सांगते, ती आलेली नाही."

आठवडाभर ती रोज आली, आणि रोज आलेली नाही. शनिवारी संध्याकाळी घरी पत्र आलं. 'आपली मुलगी सलग सहा दिवस गैरहजर आहे. पालकांनी समक्ष येऊन भेटावे. येताना मुलीस सोबत आणावे.'

पत्र वाचून झाल्यावर चष्मेवाला खाली गेला. त्याने पाना घेतला आणि सीटखालचा दांडा सोडवायला लागला. भोंगा पायरीवर बसून बघत होती. शेवटचा बोल्ट निघत नव्हता, म्हणून बायको आली. दोघांनी जोर लावला. तो निघाला तेव्हा तिघांपैकी कुणालाच आनंद झाला नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी गाडी घेतली. पाच जणांची, जुनीच, बायकोच्या ओळखीतली. त्याच कार्यालयात त्याच बाईंनी चाकं किती ते विचारलं. चार, असं सांगताच त्यांच्या चेहऱ्यावर पंधरा दिवसांत प्रथमच शांती पसरली. चार मिनिटांत सगळं आटोपलं. आत कोण बसणार, ते काय करणार, त्यांचं वजन किती, असं कुणीही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी बापलेक निघाली. सायकलवर बारा मिनिटांचा रस्ता होता. सातव्या मिनिटाला गाडी जी थांबली, ती थांबलीच. पुढे गाड्या, मागे गाड्या, शेजारी गाड्या.

"बाबा, आता मी काय करू?" मागच्या सीटवरून प्रश्न आला.

"काही नाही. नुसतं बसायचं."

"कधीपर्यंत?"

चष्मेवाल्याने पुढच्या गाडीकडे बोट दाखवलं. भोंगा सीटवर गुडघे टेकून मागे वळली आणि काचेला नाक लावून बघत राहिली. मागच्या गाडीत चार सीट रिकाम्या होत्या आणि पाचवीवर एकच माणूस होता, वर्गीकरणाच्या दृष्टीने अगदी निर्दोष.

"बाबा, मागचेपण नुसतेच बसलेत."

तिने मागच्याला हात केला. चांगला दोन्ही पंजे हलवून, हसत.

ते तुम्ही होतात. तुम्ही हॉर्न वाजवलात.