बारा टक्के

मुद्रितशोधकांच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला, त्याला सोळा दिवस झाले होते. दुपारच्या गोळीनंतर जी गुंगी यायची, ती त्यांना मनापासून आवडू लागली होती. खिडकीचा पडदा हलला की भिंतीवरचा उजेड पाण्यासारखा लहरायचा, आणि वॉकर, उशी, औषधांची बशी असं सगळं त्या पाण्यावरून हळूहळू वाहत जायचं. छापखान्यात चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधलेल्या माणसाला, काहीच न शोधता पडून राहण्यात एवढं सुख असेल याची कल्पना नव्हती.

पण हाताची सवय जात नाही. बायकोने दवाखान्यातून मिळालेलं माहितीपत्रक आणून समोर ठेवलं आणि त्यांचा हात आपोआप लाल पेनाकडे गेला. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी त्यांनी 'शस्त्रक्रीया'तली 'क्री' ऱ्हस्व केली, 'पाउल'मधला 'उ' दीर्घ केला. ओळी किंचित डोलत होत्या, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. 'कृत्रिम सांध्यात जंतूसंसर्ग होण्याचे प्रमाण १२ टक्के असते' या ओळीतला 'तू' त्यांनी ऱ्हस्व केला आणि पुढच्या ओळीवर गेले. अकरा चुका काढून झाल्यावर पेनाचं टोपण लावताना त्यांची झोप खाडकन उतरली.

"बारा टक्के," ते म्हणाले.

"कशाचे?" बायकोने कपड्यांची घडी घालता घालता विचारलं.

"सांध्यात जंतू शिरण्याचे. म्हणजे आठात एक."

"डॉक्टर तर म्हणाले होते, क्वचित होतं."

"ते तोंडी म्हणाले. हे छापलंय."

"छापलेल्यावर तुम्ही कधीपासून विश्वास ठेवायला लागलात?"

"मी तपासलंय ते," मुद्रितशोधक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात व्यायामाचा वर्ग होता. उंच खिडक्यांची लांबट खोली, एका रांगेत खुर्च्या, आणि त्या खुर्च्यांवर नुकताच खुबा बदललेली माणसं. सगळ्यांनी एकदम पाय उचलायचे, एकदम खाली ठेवायचे. उन्हात हलकी धूळ तरंगायची आणि पाय त्या धुळीइतक्याच सावकाश वर जायचे. एरवी मुद्रितशोधकांना हा तास फार आवडायचा. आज त्यांनी आधी खुर्च्या मोजल्या. आठ होत्या.

शेजारी फुटबॉलचे माजी पंच बसायचे. त्यांच्या कानाशी लागून मुद्रितशोधक म्हणाले, "आपल्यातल्या एकाला होणार."

"काय?"

"जंतुसंसर्ग. आठाचे बारा टक्के म्हणजे जवळजवळ एक. नेमकं सांगायचं तर एकाला चार शतांश कमी."

पंचांनी रांगेवर नजर टाकली. आयुष्यभर बावीस जणांमधला गुन्हेगार हुडकलेला माणूस तो; इथे तर आठच होते. "लक्षणं कोणती?" त्यांनी विचारलं.

मुद्रितशोधकांनी पत्रक वाचून दाखवलं. जखमेभोवती लाली, वाढत जाणारं दुखणं, टाक्यांतून पाणी येणं, ताप. वाचताना आवाज जरा मोठा झाला असावा, कारण संपेपर्यंत सगळी रांग पुढे वाकून ऐकत होती. मग कुणी कपाळाला हात लावून पाहिला, कुणी शेजाऱ्याचा हात आपल्या कपाळाला लावून घेतला. एका आजोबांना कालपासून अंगात कसकस वाटत होती. निदान आता वाटायला लागली. पंचांनी परिचारिकेकडून थर्मामीटर मागून आणला आणि एका टोकापासून प्रत्येकाच्या काखेत लावायला सुरुवात केली. ज्याला ताप नाही, त्याच्याकडे बाकीचे जरा रागानेच बघत. कारण त्याच्या सुटण्याने उरलेल्यांची धास्ती वाढत होती.

व्यायाम घेणाऱ्या ताई आत आल्या, तेव्हा सहा जण सुटले होते, मुद्रितशोधक घड्याळाकडे डोळे लावून काखेत थर्मामीटर धरून बसले होते, आणि पायांचं कुणाला भान नव्हतं.

"हे काय चाललंय?"

"ताप बघतोय," पंच म्हणाले. "पद्धतशीर."

मुद्रितशोधकांनाही ताप निघाला नाही. सगळ्या माना शेवटच्या खुर्चीकडे वळल्या. तिथे पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई बसल्या होत्या. त्या कधी फार बोलायच्या नाहीत.

"मला नको," त्या म्हणाल्या. "मला ताप नाही. जरासं ओलं होतं, एवढंच."

"कुठे ओलं होतं?" ताईंनी विचारलं.

"टाक्यांच्या खालच्या टोकाला. चार दिवस झाले. रुमाल ठेवते, भिजला की बदलते." बाईंनी पदर सारखा केला. "घरी बोलले नाही. सूनबाई लगेच रजा टाकून बसली असती. ह्यांनी वाचलं म्हणून आठवलं, नाहीतर मला वाटलं, जखम आहे, ओली राहणारच."

ताई तडक फोनकडे गेल्या. मुद्रितशोधकांना अपेक्षित एक मिळाला होता, आणि आता तो मिळायला नको होता असं त्यांना वाटत होतं.

डॉक्टर आले, पडदा ओढून बाईंना तपासलं, चाकाच्या खुर्चीवरून त्यांना वर पाठवून दिलं. मग ते निघणार तेवढ्यात मुद्रितशोधक वॉकर पुढे टाकत आडवे आले. भीतीचा आता संताप झाला होता.

"तुम्ही आम्हाला क्वचित म्हणून सांगितलंत. आठात एक म्हणजे क्वचित?"

"आठात एक कुणी सांगितलं?"

मुद्रितशोधकांनी पत्रक पुढे केलं. डॉक्टरांनी ती ओळ वाचली, पत्रक उजेडाकडे धरलं, पुन्हा वाचली.

"हे एक ते दोन टक्के आहे," ते म्हणाले. "एक आणि दोनच्या मधली रेघ छापायची राहिलीये. शंभरात एखाद-दुसरा, एवढंच." मग लाल खुणांवरून नजर फिरवत त्यांनी कौतुकाने विचारलं, "बाकीच्या अकरा चुका तुम्ही काढल्यात?"

मुद्रितशोधकांनी पत्रक परत घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. चाळीस वर्षांत त्यांनी हजारो रेघा जागच्या जागी बसवल्या होत्या. ही एक रेघ समोरून निघून गेली, तेव्हा ते तिच्या शेजारचा 'तू' ऱ्हस्व करत होते.

"मी उगाच सगळ्यांना घाबरवलं," ते म्हणाले.

"उगाच घाबरवलंत खरं. पण त्या बाई अजून महिनाभर रुमाल बदलत बसल्या असत्या, तर बहुधा सांधाच काढायची वेळ आली असती. आता आत धुऊन काढू, औषधं देऊ. वाचेल असं वाटतंय."

सांधा वाचला. पंधरवड्याने व्यायामवर्गातले सातही जण बाईंना भेटायला वरच्या मजल्यावर गेले. लिफ्टला तीन खेपा झाल्या. दुपारची वेळ होती. पांढऱ्या चादरींवर ऊन सांडलं होतं आणि उंचावर टांगलेली औषधाची बाटली थेंब थेंब गळत होती. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा उतरला होता पण शांत होता. सातही जण त्यांच्याशी फार प्रेमाने बोलत होते. पंचांनी तर त्यांची उशी दोनदा नीट केली. या प्रेमात थोडी कृतज्ञता मिसळलेली होती, आणि ती कशाबद्दल आहे हे कुणी उघड बोलत नव्हतं.

शेवटी पंचच बोलून गेले. "तुम्ही आमच्या सगळ्यांच्या वाटचं भोगलंत."

"मलाही आधी तसंच वाटलं होतं," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांना म्हटलं, चला, बाकीचे सात तरी सुटले. तर ते म्हणाले, असं नसतं. मला झालं म्हणून तुमचं टळत नाही. प्रत्येकाचं आपापलं वेगळं."

मुद्रितशोधकांचा हात नकळत उजव्या खुब्यावर गेला.

"पण आपला तर आता महिना होऊन गेला," पंच म्हणाले.

"हो, सुरुवातीलाच भीती जास्त. पण पुढे वर्षांनीसुद्धा होऊ शकतं म्हणे." सगळ्यांचे चेहरे बघून बाईंनी धीर दिला, "क्वचित हो. अगदी क्वचित."

एवढं बोलल्यावर त्यांना औषधाची गुंगी आली. मान उशीवर कलली, श्वास संथ झाला. सातही जण पलंगाभोवती काठ्या आणि वॉकर धरून उभे राहिले, आणि अगदी क्वचित म्हणजे नेमकं किती, हे विचारायला बाईंना उठवावं की नाही, यावर कितीतरी वेळ कुजबुजत राहिले.