मंजुळाबाईंच्या फोटोतला हिरवा रंग

बाळांनो, एका जंगलात सगळ्यांना घरं होती, पण घराचा कागद एकाकडेही नव्हता. सिंहमहाराजांना हे समजलं तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी फर्मान काढलं. ज्याला आपलं घर ठेवायचंय त्याने ओळखपत्र काढावं. फोटोत मागे पांढरा रंग असावा, दुसरं काही असू नये.

सावरीच्या झाडाच्या ढोलीत मंजुळाबाई पोपटीण राहायच्या. ढोलीत तीन अंडी होती. शेजारच्या सुतारपक्ष्याला अंड्यांवर लक्ष ठेवायला सांगून त्या घाईघाईने निघाल्या.

फोटो काढायचं काम दिगू वानराकडे होतं. त्याने मंजुळाबाईंना एका फांदीवर बसवलं आणि फोटो काढला.

"दिगूभाऊ, मागे पानं आली की हो!"

"येऊ द्या. हिरवा रंग एका क्लिकमध्ये उडतो."

त्याने क्लिक केलं. हिरवा रंग उडाला. पानं उडाली. मंजुळाबाईही उडाल्या. पांढऱ्याशुभ्र फोटोत एक लाल चोच राहिली.

"बॅकग्राउंड कसं स्वच्छ आलंय बघा," दिगू म्हणाला.

"पण मी कुठंय?"

"तुम्ही या इथे, माझ्यासमोर. फोटोत कशाला शोधताय?"

कचेरीत कासवअण्णा बसायचे. त्यांनी ओळखपत्र बराच वेळ पाहिलं. मग मंजुळाबाईंना पाहिलं.

"कार्ड बरोबर आहे," ते म्हणाले. "तुम्ही जास्त आहात."

"म्हणजे?"

"कार्डावर चोच आहे. तुम्ही पंख, पोट, शेपूट असं बरंच काही बरोबर आणलंय. ते कोणाचं?"

"माझंच आहे हो, अण्णा! ढोलीत माझी अंडी आहेत. गार पडतील ती."

"अंडी पांढरी ना? मग ती बॅकग्राउंडमध्ये धरली जातील. तुम्ही रंग भरून आणा."

मंजुळाबाई पुन्हा दिगूकडे गेल्या. पोटाच्या जागी दिगूने हिरवा रंग ओतला. पण त्या फोटोत रंगाला अडवायला एक रेघसुद्धा उरली नव्हती. रंग पोटातून पाठीत गेला, पाठीतून बाहेर पडला आणि चारही कोपऱ्यांपर्यंत पोचला. एकटी चोच बरी दिसेना, म्हणून दिगूने तीही हिरवी केली.

कासवअण्णांनी तो हिरवागार चौकोन उलटसुलट पाहिला.

"यात मागे काहीच नाही. सगळं पुढेच आहे. नियमात बसतं." त्यांनी शिक्का मारला. "आता जुळवून दाखवा. नाही जुळत, बाई. तुमची चोच लाल आहे."

रांगेत मागे जानबा सरडा उभा होता. त्याने मान लांब करून कार्ड पाहिलं. मग नाकापासून शेपटीपर्यंत तो हिरवा झाला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

"जुळलं," कासवअण्णा म्हणाले आणि ढोली जानबाच्या नावावर केली.

"अहो अण्णा, ते घर माझं आहे!" मंजुळाबाई कळवळून ओरडल्या.

"तक्रार असेल तर अर्ज करा. अर्जाला ओळखपत्र जोडा."

मंजुळाबाई ढोलीकडे परतल्या. सुतारपक्षी खाली मान घालून बसला होता. ढोलीच्या तोंडाशी जानबा होता.

"बरं झालं आलात," जानबा म्हणाला. "घराबरोबर अंडीही माझ्या नावावर झालीत. पण मला ती उबवता येत नाहीत. माझं अंग मुळातच गार. तुम्ही बसाल का? राहायची सोय आतच होईल."

"त्याला कार्ड लागेल?"

"छे! कामाला येणाऱ्यांना कार्ड कोण विचारतं?"

मंजुळाबाईंनी पंख आवळून घेतले. त्या आत गेल्या. अंडी अजून कोमट होती. त्यांनी तिन्ही अंडी पोटाखाली ओढून घेतली.

तिन्ही पिल्लं सुखरूप बाहेर आली. कचेरीत त्यांची नोंदही झाली. वडिलांच्या नावापुढे कासवअण्णांनी लिहिलं, जानबा सरडा. आईच्या नावापुढची जागा पांढरी सोडली.

तात्पर्य: फोटोत आपल्या मागे काय आहे याची काळजी करू नये, बाळांनो. आपला रंग तेवढा कोणाच्याही कार्डाशी जुळेल असा ठेवावा.