सेतुराव आणि नियम तेरा

सेतुरावांना सकाळची कॉफी प्यायची असली, की आधी ती मंजूर व्हावी लागते.

म्हणजे असं. सव्वादहाला मी कॉफी घेऊन त्यांच्या टेबलाशी उभा राहतो. ते चष्मा कपाळावर सरकवतात, समोरच्या भिंतीकडे बघतात आणि म्हणतात, "कापी घ्यावी, असें मांडतों." मग थांबतात. मी म्हणायचं, "अनुमोदन." मग ते विचारतात, "विरोध?" खोलीत आम्ही दोघंच. तरी ते डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात, फायलींच्या कपाटाकडेसुद्धा बघतात. "नाहीं. मंजूर." मग पहिला घोट. एकदा माझा घसा बसला होता, आवाजच फुटेना. कॉफीवर साय धरली तरी सेतुराव टंबलरला हात लावीनात. शेवटी मी हात वर केला. "सरि," ते तमिळमध्ये 'ठीक' म्हणाले. "हात चालतो. नियम सात."

आमचं विद्यापीठ खाजगी आणि छोटं. तीन इमारती, एक कॅन्टीन, एक लिफ्ट. पण कारभार मात्र सगळ्यांनी मिळून करायचा, असं स्थापनेच्या वेळीच कागदावर लिहून ठेवलेलं. म्हणून इथे एक संयुक्त कारभार मंडळ आहे. शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी आणि संस्थाचालक मिळून सतरा सभासद. त्यातले निदान नऊ हजर असले तर सभा भरते, म्हणजे कोरम होतो. सेतुराव या मंडळाचे चिटणीस. मंडळ जन्मलं तेव्हापासून तेच. निवृत्त झाले तरी तेच, कारण त्यांच्या जागी दुसरा माणूस नेमायला सभा भरवावी लागते आणि ती भरवायची कशी हे फक्त त्यांना माहीत.

माणूस तंजावूरकडचा मराठी. कित्येक पिढ्यांपूर्वी यांचे पूर्वज इकडे तमिळ मुलखात आले ते इथलेच झाले. त्यांची मराठी ऐकून मला पहिल्यांदा वाटलं, कोणी जुनी पोथी उघडून तिच्यातून सांबाराची पाककृती वाचतंय.

आणि त्या मराठीमुळेच मी आज इथे आहे. मी बार्शीकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. एका कंत्राटदाराबरोबर गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात कामाला आलो. वर्षभरात कारखाना बंद झाला आणि कंत्राटदार गायब. मग दिसेल त्या फाटकावर काम मागत फिरायचो. इथल्या सभागृहाच्या दारात माझं बोट सापडलं आणि मी ओरडलो, "आई गं!" आतून एक डोकं बाहेर आलं.

"कोण गा तो, मराठींत कळवळणारा?"

तेव्हापासून नऊ वर्षं मी त्यांच्या ऑफिसात शिपाई आहे. बोटाची नोंदही त्या दिवशीच्या टिपणात आहे: 'उमेदवाराचे बोट दारात. दार दुरुस्तीस पाठविले. उमेदवारास ठेवून घेतले.'

मंडळाचं इंग्रजी इतिवृत्त ते स्वतः टाइप करतात, पण त्याआधीचा कच्चा मराठी खर्डा माझ्याकडून लिहून घेतात. "इंग्लीश संस्थाचालकांसाठीं. खरें काय झालें तें मराठींत." चार ओळी लिहायला मी त्यांच्याकडेच शिकलो. त्यामुळे हे लिहिताना मधेच कुठे 'सर्वानुमते' आलं तर सांभाळून घ्या.

दर सोमवारी ते सूचनाफलकावर प्रशासकीय खबरबात लावतात. तिच्यात खात्री केल्याशिवाय काही छापत नाहीत. एका सोमवारी आलं, 'दुसऱ्या मजल्यावरील पाण्याचे यंत्र दुरुस्त झाले आहे असे समजते. खात्री चालू आहे.' पुढच्या सोमवारी, 'खात्री झाली. यंत्र दुरुस्त झालेले नाही.' त्याच्या पुढच्या सोमवारी, 'यंत्र आज सकाळी चालू आढळले. कोणी दुरुस्त केले याची चौकशी सुरू आहे.' ती चौकशी चार महिने चालली. यंत्र त्याआधीच पुन्हा बिघडलं.

पण सेतुराव म्हणजे काय, हे कळायला लिफ्टची गोष्ट ऐकायला हवी. आमची लिफ्ट आठ माणसांची. एका दुपारी तिच्यात अकरा जण शिरले आणि ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधे अडकली. मी कॉफीची किटली घेऊन कोपऱ्यात. एक मुलगी रडायला लागलेली. सेतुराव शांतपणे माणसं मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला, की लिफ्टमधला दिवा गेलेला असूनही मला दिसला.

"नऊ सभासद! कोरम आहे. सभा सुरू झाली, असें जाहीर करतों. गा, लिही."

पदार्थविज्ञानाच्या कल्याणी मॅडम त्याच लिफ्टमध्ये होत्या. मंडळात त्यांचं काम एकच, विरोध. सेतुराव 'सूर्य पूर्वेस उगवतो' असं मांडतील तर त्या 'समिती नेमा' म्हणतील. त्या ओरडल्या, "राव सर, ही लिफ्ट आहे!"

"स्थळ: लिफ्ट," सेतुराव मला म्हणाले. "मॅडमचा विरोधही लिही."

पाऊण तासात तीन ठराव झाले. पहिला, लिफ्ट दुरुस्त करावी. तो एकमताने झाला. विरोधाशिवाय पास झालेला मंडळाच्या इतिहासातला तो तोवरचा एकमेव ठराव. शेवटी मेकॅनिकने वरून दार उघडलं, उजेड आला, लोक हात वर करून धडपडू लागले. सेतुराव वर बघून मेकॅनिकला म्हणाले, "विषय क्रमांक चार बाकी आहे. पांच मिनिटें दार लाव." लोकांचे हात वर होते म्हणून चौथा ठरावही मंजूर धरला. त्यावर कल्याणी मॅडम अजून भांडतात.

एवढं कोरमचं वेड असलेल्या माणसाला एका नियमाचा मात्र राग होता. नियम तेरा. कोरम झाला नाही, तर सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरवायची. या दुसऱ्या सभेला कोरम लागत नाही. दोन टाळकी असली तरी चालतं. सगळ्या सोसायट्या, सगळी मंडळं याच वाटेने चालतात. सेतुराव चालत नसत. "माणसें आलीं नाहींत, तर आलीं नाहींत म्हणावें. अर्धा तास घड्याळ बघून तीं आलीं असें कसें होतें?" इतिवृत्ताच्या वहीत पहिल्याच पानावर त्यांनी लिहून ठेवलं होतं, 'अर्ध्या तासाच्या सभा: निरंक.' दर वर्षी नव्या वहीत ती ओळ ते नव्याने लिहीत. एवढ्या वर्षांत निरंकचं एक झालं नव्हतं.

मग यंदा नवे डायरेक्टर साहेब आले आणि ॲप आलं. सूचना ॲपवर, मतदान ॲपवर, वाढदिवसाच्या शुभेच्छाही ॲपवर. सभासद सभेला यायचे बंद झाले. आणि एका सकाळी त्याच ॲपवर फर्मान आलं. ऑफिसातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याने महिनाअखेरीस दहावीचं प्रमाणपत्र चढवावं. न चढवल्यास पुढचा करार होणार नाही.

माझ्याकडे आठवीचा शाळा सोडल्याचा दाखला. तोही एका कोपऱ्यात उंदराने खाल्लेला. मी त्याचा फोटो काढून चढवून पाहिला. ॲपने लाल फुली दाखवली. त्या दिवशी मी कॉफीत साखरेऐवजी मीठ घातलं. सेतुरावांनी ती मंजूर केलेली असल्यामुळे पूर्ण प्यायली, मग विचारलं, "काय झालें गा?"

मी सांगितलं. ते उठले, नियमांचं पुस्तक काढलं, ओल्या बोटाने पानं उलटली. कर्मचाऱ्याची सेवा पाहून शिक्षणाची अट सैल करण्याचा अधिकार मंडळाला होता. ठराव झाला, तर डायरेक्टरांनाही तो मानावा लागणार. मात्र महिना संपण्याआधी एकच सभा होती, शुक्रवारी तीन वाजता.

त्या शुक्रवारी तीन वाजता सभागृहात दोन सभासद होते. एक सेतुराव. दुसऱ्या कल्याणी मॅडम, ज्यांनी आयुष्यात एकही सभा चुकवली नव्हती. त्या नसत्या तर विरोध कोणी केला असता?

मी तिन्ही इमारतींत धावलो. कोणाचा वर्ग होता, कोणाची गाडी धुवायला टाकलेली होती. वाणिज्य विभागाचे सर म्हणाले, "मी ॲपवर अंगठा देतो ना." घामेघूम होऊन मी परत आलो आणि हे सांगितलं.

"अंगठा खुर्चीवर बसत नाहीं," सेतुराव म्हणाले. घड्याळ बघून त्यांनी उच्चारलं, "कोरम नाहीं. सभा तहकूब."

माझ्या मनात हिशेब सुरू झाला, की कुठलं फाटक, कुठला कारखाना, गावी काय सांगायचं. कप उचलायला म्हणून मी वाकलो आणि तसाच राहिलो.

कल्याणी मॅडम हळूच म्हणाल्या, "राव सर, नियम तेरा आहे."

सेतुरावांनी वही पुढे ओढली, पहिलं पान उघडलं आणि बघत बसले. मॅडमनी पेपर तपासायला काढले. पंखा फिरत होता. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मला वाटलं, ते उठून जातील. त्यांनी फक्त एकदा रुमालाने चष्मा पुसला.

साडेतीनला ते उभे राहिले. "सभा सुरू झाली, असें जाहीर करतों." मग माझ्याकडे वळले, "तूं बाहेर थांब. विषय तुझा आहे. खर्डा मी लिहितों."

मी दाराबाहेर उभा राहिलो. हेच ते दार, बोट सापडलेलं. आतून त्यांचं नेहमीचं ऐकू आलं, मांडतों वगैरे. मग बाईंचं, "अनुमोदन." मग सेतुरावांनी सवयीने विचारलं, "विरोध?"

मी दाराच्या मुठीला धरून उभा.

"आज नाही," मॅडम म्हणाल्या.

बाहेर आल्या त्या मला बघून तमिळमध्ये खेकसल्या, "काय उभा आहेस खांबासारखा? जा, कॉफी आण!" मी आत गेलो आणि सेतुरावांच्या पायांशी वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. "विषयपत्रिकेवर नाहीं," म्हणाले. वही उघडीच होती. पहिल्या पानावरच्या 'निरंक'वर एक सरळ रेघ होती आणि पुढे बारीक अक्षरात 'एक.'

इंग्रजी इतिवृत्त टाइप करून त्यांनी शनिवारी माझ्याकडे दिलं, पण सही करेनात. "आधीं कच्च्या खर्ड्याशीं ताडून बघ. चूक नसेल तर उद्यां घरीं आण." म्हणून रविवारी मी शहराच्या जुन्या भागात, तिरुवल्लिकेणीला गेलो. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या घरी. अरुंद गल्ली, समोर एकट्या पुरुषांनी भाड्याने राहायची, खोल्याखोल्यांची मॅन्शन, तिच्या कठड्यांवर ओळीने टॉवेल. दुसऱ्या मजल्यावर सेतुरावांचं दार उघडंच होतं.

ते स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेले. समोर दोन ताटं मांडलेली, दोन पेले, भात झाकलेला, रसमची वाफ येत होती. ते जेवत मात्र नव्हते. हात मांडीवर ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"बैस," म्हणाले. पान पान वाचून त्यांनी सही केली. मी म्हटलं, "साहेब, पाहुणे यायचेत का? मी निघतो."

"कोण येणार?"

"मग जेवा की. निवतंय."

"अजून सात मिनिटें आहेत." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आम्हीं दोघें असतांना साडेबाराला बसत होतों. अंबुजा गेली त्याला चार वर्षें झालीं. ताटें दोनच मांडतों, सवय. साडेबाराला कोरम होत नाहीं. मग तहकूब. एक वाजतां बसतों. तेव्हां लागत नाहीं."

ते घड्याळाकडेच बघत पुढे म्हणाले, "ऑफिसांत तो नियम का वापरत नव्हतों, म्हणून मॅडम सारख्या विचारत. आधीं पटत नव्हता. आतां घरीं रोज वापरतों गा. तेवढें पुरे होतें."

घड्याळाची टिकटिक मोठी होती. मी फाईल बाजूला ठेवली, उठलो, हात धुतले आणि दुसऱ्या ताटासमोर येऊन बसलो.

"साहेब," मी म्हटलं, "कोरम आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बोटाने मोजलं, आधी स्वतःला, मग मला. पुन्हा एकदा मोजलं. चष्मा खाली ओढला आणि भाताचं झाकण काढलं.

"आधीं रसम वाढावें, असें मांडतों."

"अनुमोदन."

"विरोध?" त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, अंबुजाबाईंच्या फोटोकडे जरा जास्त वेळ बघितलं. "नाहीं," म्हणाले, आणि वाढलं.

सोमवारी माझा ठराव डायरेक्टरांकडे गेला आणि ॲपवर माझ्या नावापुढची लाल फुली हिरवी झाली. त्याच दुपारी माझ्या स्टुलावर एक बंद पाकीट होतं. आत सेतुरावांच्या अक्षरात एक कागद:

'सभेची आगाऊ सूचना. वार: रविवार. वेळ: दुपारी साडेबारा, वक्तशीर. स्थळ: तिरुवल्लिकेणी. विषय क्रमांक एक: मागील जेवणाचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय क्रमांक दोन: वांगीभात.'

खाली पोच देण्यासाठी जागा सोडली होती. मी सही केली.